साउथ फोर्क धरण : नौकाविहाराचे तळे आणि जॉन्सटाउनचा महापूर

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोंगराळ भागात साउथ फोर्क नावाच्या लहानशा नदीवर मातीचे एक धरण होते. उंची सुमारे २२ मीटर, लांबी सुमारे २८४ मीटर. त्याचे पाणी शेतीला जात नव्हते, कुठल्या गावाला पिण्यासाठी दिले जात नव्हते, त्यावर वीजही तयार होत नव्हती. आयुष्याच्या शेवटच्या आठ वर्षांत या धरणाला एकच काम होते. पिट्सबर्ग शहरातील श्रीमंत कुटुंबांना उन्हाळ्यात होड्या फिरवण्यासाठी आणि गळ टाकून मासे पकडण्यासाठी एक भरलेले तळे हवे होते, ते धरणाने अडवून ठेवले होते. ३१ मे १८८९ रोजी दुपारी हे धरण फुटले. खाली २३ किलोमीटरवरील जॉन्सटाउन शहर आणि वाटेतल्या वस्त्या मिळून २,२०९ माणसे मरण पावली.

फुटण्याच्या वेळी तलावात सुमारे १ कोटी ४५ लाख घनमीटर, म्हणजे अर्धा टीएमसी पाणी होते. पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा जवळपास दोन टीएमसी आहे. त्याच्या चौथ्या हिश्शाएवढे हे पाणी. आकडा ऐकायला फार मोठा नाही. मात्र तलाव जॉन्सटाउनच्या वर सुमारे १३७ मीटर उंचीवर होता आणि दोन्हींच्या मध्ये अरुंद, वळणावळणाची दरी होती.

मातीचे धरण कशाला घाबरते?

मातीची भिंत पाणी अडवू शकते, यात नवल काही नाही. चिकणमाती थराथराने पसरून दाबली, आतून पाणी पाझरणार नाही अशी काळजी घेतली आणि उतारांवर दगड रचले, की असे धरण शंभर-दीडशे वर्षेही टिकते. पाटबंधाऱ्याच्या कामात ते स्वस्त पडते, म्हणून जगातली बहुसंख्य धरणे मातीचीच आहेत. १९६१ साली फुटलेले आपले पानशेतही मातीचेच होते.

या धरणाला एक गोष्ट मात्र सहन होत नाही, ती म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून पाणी सांडले तरी ते बराच काळ उभे राहू शकते. मातीच्या धरणावरून पाणी वाहू लागले, की ते मागच्या उतारावरची माती खरवडत नेते, छोटी घळ पडते, घळीत जास्त पाणी येते, घळ आणखी खोल होते. भर पावसात शेताचा बांध फुटताना ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून मातीच्या धरणाला तीन गोष्टी लागतात. पुराचे पाणी भिंतीला धक्का न लावता बाजूने निघून जाईल असा पुरेसा रुंद सांडवा, सांडव्याच्या पातळीपेक्षा बराच उंच आणि सर्वत्र समपातळीत असलेला माथा, आणि गरज पडली तर तलाव रिकामा करता येईल अशी तळाची मोरी. साउथ फोर्कच्या मूळ बांधकामात या तिन्ही गोष्टी होत्या. सांडवा एका टोकाला खडकात कोरून काढलेला होता. भिंतीच्या पायथ्याशी दगडी मोरीत प्रत्येकी सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाचे पाच ओतीव लोखंडी नळ होते आणि त्यांच्या झडपा वरून उघडता येत असत. पुढच्या काळात या तिन्हींना एकेक करून धक्का लागला. त्यातले एकही काम कोणी वाईट हेतूने केलेले नव्हते.

कालव्याचे धरण, मग बेवारस भिंत

धरण पेनसिल्व्हेनिया सरकारने बांधले, ते कालव्यासाठी. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग अशी मालवाहतूक तेव्हा कालवे आणि डोंगर ओलांडणारा लोहमार्ग यांच्या साखळीतून चाले. उन्हाळ्यात जॉन्सटाउनच्या पुढच्या कालव्यात पाणी कमी पडे; ती तूट भरून काढण्यासाठी हा साठा होता. काम १८३८ च्या सुमारास हाती घेतले गेले, पैशांअभावी रखडले आणि १८५३ मध्ये पूर्ण झाले. तोपर्यंत दोन शहरांना जोडणारी सलग रेल्वे सुरू झाली होती. ज्या कालव्यासाठी धरण बांधले तोच कालबाह्य ठरला. १८५७ मध्ये सरकारने सगळी मालमत्ता पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीला विकली. कंपनीला धरणात रस असण्याचे कारणच नव्हते.

१८६२ मध्ये मोरीजवळ भिंत खचून धरणाला मोठे भगदाड पडले. तलावात पाणी कमी होते आणि ते हळूहळू वाहून गेले, त्यामुळे खाली फारसे नुकसान झाले नाही. त्या घटनेची आठवण परिसरात उलट्या अर्थाने राहिली असावी : धरण फुटले तरी काही होत नाही! पुढची सतरा वर्षे ही भिंत तशीच भगदाडासह पडून होती. १८७५ मध्ये जॉन रायली या माजी काँग्रेस सदस्याने ती जागा २,५०० डॉलरला घेतली आणि १८७९ मध्ये २,००० डॉलरला विकली. मधल्या काळात तळाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले गेले.

घेणारा होता बेंजामिन रफ. रेल्वेची बांधकामे आणि जमिनींचे व्यवहार केलेला हा माणूस. त्याच्या पुढाकाराने त्याच वर्षी ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ स्थापन झाला. सदस्यांत अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, फिलँडर नॉक्स अशी नावे होती. पोलाद, कोळसा आणि बँका यांवर उभे असलेले पिट्सबर्ग त्या काळी धुराने काळवंडलेले असे, आणि उन्हाळ्यात तिथून रेल्वेने निघून दोनेक तासांत डोंगरातल्या तळ्याकाठी पोहोचता येणे ही चैन होती. काठावर ४७ खोल्यांचे क्लबहाउस आणि सोळा बंगले उभे राहिले. तलावात शिडाच्या होड्या आणि वाफेवर चालणाऱ्या छोट्या नौका आल्या. १८८१ मध्ये बाहेरून आणून ब्लॅक बास जातीचे मासे सोडण्यात आले.

करमणुकीसाठी केलेले बदल

आधी भगदाड बुजवायचे होते. हे काम धरणबांधणीचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडे दिले गेले नाही. माती, दगड, झाडोरा, गवत, अगदी घोड्यांच्या लिदीसकट हाताला येईल ते टाकून भराव करण्यात आला. १८७९ च्या नाताळात पावसाने तो वाहून गेला, मग पुन्हा केला. १८८१ मध्ये तलाव भरला. पण नवा भराव जुन्या, थराथराने दाबलेल्या भिंतीसारखा नव्हता. पुढे तो मध्यभागी बसत गेला आणि धरणाचा माथा नेमका मधोमध, जिथे पाण्याची खोली सर्वाधिक होती तिथेच, टोकांपेक्षा खाली आला.

काढून टाकलेले नळ पुन्हा बसवले गेले नाहीत. याचा अर्थ असा, की तलाव एकदा भरला की मुद्दाम रिकामा करण्याचा मार्गच उरला नाही. गळती लागली तर पाणी उतरवून दुरुस्ती करणे अशक्य. पुराचा अंदाज आला तर आधीच पातळी कमी करणेही अशक्य. क्लबच्या दृष्टीने यात मोठी अडचण नव्हती, कारण त्यांना तलाव भरलेलाच हवा होता. करमणुकीच्या धरणाची खरी गोम इथे आहे. सिंचनाचा किंवा पूरनियंत्रणाचा साठा वर्षभरात वरखाली होत राहतो आणि वरची रिकामी जागा पुराला उपयोगी पडते. होड्या आणि मासेमारीसाठी ठेवलेल्या तलावाचे काठ उघडे पडले तर लोक तक्रार करतात. तो काठोकाठ भरलेला असणे हीच त्याची शोभा, आणि तीच त्याची सर्वांत धोक्याची स्थिती.

रेल्वे स्थानकावरून क्लबकडे येणारा रस्ता धरणाच्या माथ्यावरून जात असे. समोरासमोर आलेल्या दोन घोडागाड्या सुटाव्यात म्हणून माथा जवळपास ०.९ मीटरने खाली तासून रुंद करण्यात आला. वरकरणी ही किरकोळ गोष्ट. पण सांडव्याची क्षमता त्याच्या रुंदीवर जशी अवलंबून असते तशीच माथ्यापर्यंत पाण्याला किती चढू दिले जाईल यावरही असते. माथा खाली आणणे म्हणजे सांडवा लहान करण्यासारखेच.

उरला सांडवा. पैसे मोजून आणलेले मासे पुराबरोबर निघून जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या. सांडव्यावरून जाणाऱ्या पुलाचे खांब तिथे आधीच होते. कोरड्या दिवसांत पाणी त्यातून सहज जात असे. पुरात पाण्याबरोबर झाडाच्या फांद्या, ओंडके आणि पालापाचोळाही येतो.

इशारा देणारे पत्र

जॉन्सटाउनमध्ये कोणालाच शंका आली नाही असे म्हणता येत नाही. शहराचा प्राण असलेल्या कँब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपले अभियंते जॉन फुल्टन यांना धरण पाहायला पाठवले. फुल्टन यांनी दोन गंभीर दोष कळवले : पाणी सोडण्यासाठी तळाशी नळ नाही, आणि दुरुस्ती तकलादू असून भरावातून गळती आहे. रफ यांनी उत्तरात निष्कर्ष फेटाळले आणि आपल्या उपक्रमामुळे खालच्या लोकांना काही धोका नाही, असे ठासून लिहिले. मॉरेल यांनी धरण पक्के करण्याच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. तीही नाकारली गेली. पुढे त्यांनी स्वतःच क्लबचे सदस्यत्व घेतले. १८८५ मध्ये ते वारले, दोन वर्षांनी रफही गेले. पत्रव्यवहार करणारे दोघेही धरण फुटण्याआधी जगातून गेले होते.

शहराची स्वतःची परिस्थितीही नाजूक होती. लिटल कोनमॉ आणि स्टोनीक्रीक या नद्यांच्या संगमावरील सपाट जागेत जॉन्सटाउन वसले होते. वस्ती आणि कारखाने वाढत गेले तसे काठावर भर टाकून नद्यांची पात्रे अरुंद झाली, डोंगरांवरची झाडे तुटली. छोटे पूर नेहमीचेच झाले. दर वसंतात ‘धरण फुटणार’ अशी आवई उठे आणि दरवेळी ती खोटी ठरे.

३१ मे १८८९

३० मेच्या रात्री त्या भागात अतिवृष्टी झाली. एका दिवसात १५० ते २५० मिलिमीटर पाऊस पडला असावा, असे मानले जाते. हंगाम अजून सुरू झालेला नसल्याने क्लबवर मोजकीच माणसे होती. क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर सकाळी उठले तेव्हा तलाव माथ्याच्या जवळ आला होता. त्यांनी मजूर जमवले. काहींनी नांगर आणि फावड्यांनी माथ्यावर मातीचा वरंबा चढवायला घेतला, काहींनी दुसऱ्या टोकाला नवा सांडवा खोदायचा प्रयत्न केला; तिथे जमीन इतकी टणक लागली की चर फारसा खोल जाईना. माशांच्या जाळ्या काढण्याचाही प्रयत्न झाला, पण ओंडके आणि पाला त्यांत घट्ट रुतून बसला होता.

क्लबच्या कामावर असलेला तरुण अभियंता जॉन पार्क याच्यापुढे आणखी एक पर्याय होता. धरणाच्या टोकाजवळ, जिथे भिंत कमी उंच होती तिथे, ती मुद्दाम फोडायची. पाणी त्यामानाने हळू गेले असते. पण त्यामुळे पूर निश्चित आला असता आणि तो आपण आणला असे म्हटले गेले असते. धरण टिकलेही असते की नाही, हे मग कोणीच सिद्ध करू शकले नसते. त्याने ते केले नाही. नंतरच्या माहितीवरून त्याला दोष देणे सोपे आहे. त्या क्षणी त्याच्या जागी दुसरे कोणी वेगळे वागले असते का, हे सांगणे अवघड.

पार्क घोड्यावरून साउथ फोर्क गावात गेला आणि खाली तारा पाठवायला सांगून आला. संदेश टप्प्याटप्प्याने जॉन्सटाउनपर्यंत पोहोचले. पण शहराच्या रस्त्यांवर आधीच नदीचे पाणी आले होते, लोक सामान वरच्या मजल्यावर नेण्यात गुंतले होते, आणि धरणाची आवई तर दरवर्षीचीच. इशारा बहुतेकांपर्यंत गेलाच नाही.

दुपारी तीनच्या सुमारास माथ्याच्या बसलेल्या मधल्या भागावरून वाहणाऱ्या पाण्याने भिंत कापली आणि ती मधोमध सुटली. तासाभरात तलाव जवळपास रिकामा झाला. दरीत वाटेवर रेल्वेचा २४ मीटर उंच दगडी पूल होता. त्याच्या कमानीत झाडे व ढिगारा अडकून काही मिनिटे पाणी तुंबले. मग पूल कोसळला आणि अडलेले पाणी नव्या जोराने निघाले. लगेच खालची मिनरल पॉइंट ही वस्ती मुळापासून धुऊन गेली. ईस्ट कोनमॉजवळ जॉन हेस या इंजिनचालकाने पाण्याचा आवाज ऐकून इंजिनाची शिटी बांधून ठेवली आणि उलट्या दिशेने इंजिन शहराकडे हाकले. त्या अखंड शिटीने अनेक जण टेकडीकडे धावले. संपूर्ण दरीत वेळेवर मिळालेला इशारा म्हणता येईल असा तो जवळजवळ एकच. पुढे वुडव्हेलमध्ये तारेचा कारखाना होता. तिथली काटेरी तार पुरात मिसळली आणि पुढच्या माणसांना ती वेढत गेली.

चारनंतर काही मिनिटांनी पाणी जॉन्सटाउनवर आदळले. ती पाण्याची लाट कमी आणि घरे, डबे, झाडे, यंत्रे यांची हलती भिंत जास्त होती. शहराच्या खालच्या टोकाला रेल्वेचा दगडी पूल टिकून राहिला. त्याच्यामागे सुमारे ३० एकरांवर ढिगारा साचला, त्यात जिवंत माणसे अडकली आणि संध्याकाळी त्या ढिगाऱ्याला आग लागली. मृतांत ९९ अख्खी कुटुंबे आणि ३९६ मुले होती. ७५० हून अधिक मृतदेहांची ओळख कधीच पटली नाही. ग्रँडव्ह्यू दफनभूमीत त्यांच्या निनावी पांढऱ्या शिळांच्या रांगा आजही आहेत. क्लॅरा बार्टन ५ जूनला मदतपथक घेऊन आल्या आणि ऑक्टोबरपर्यंत राहिल्या. अमेरिकन रेड क्रॉसचे हे पहिले मोठे आपत्तीकार्य मानले जाते.

जबाबदारी कोणाची?

क्लबविरुद्ध दावे झाले, पण नुकसानभरपाईचा एकही डॉलर कोर्टामार्फत मिळाला नाही. क्लबची स्वतःची मालमत्ता नगण्य होती, आणि एखाद्या सदस्याचा वैयक्तिक निष्काळजीपणा दाखवणे कठीण होते. पूर ही ‘देवाची करणी’ ठरली. काही सदस्यांनी मदतनिधीला देणग्या दिल्या. कार्नेगी यांनी शहराला नवे ग्रंथालय बांधून दिले. त्याच इमारतीत आज महापुराचे संग्रहालय आहे.

कायद्याच्या विचारावर मात्र या निकालांची उलटी छाप पडली. इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ खटल्यात एक तत्त्व मान्य झाले होते : आपल्या जागेत धोकादायक गोष्ट साठवणाऱ्याने ती सुटून झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी, मग त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो. तो खटलाही गिरणीच्या एका तलावाचाच होता. अमेरिकी न्यायालये आधी हे तत्त्व मानायला नाखूश होती. जॉन्सटाउननंतरच्या वर्षांत अनेक राज्यांनी ते स्वीकारले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ओलियम वायुगळतीच्या खटल्यात याच तत्त्वाच्या पुढे जाऊन, अपवादांची सवलत न ठेवणाऱ्या ‘पूर्ण दायित्वा’चा नियम मांडला.

अभियंत्यांचा निकालही गुंतागुंतीचा आहे. अमेरिकेच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने नेमलेल्या समितीचा अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लबने केलेले बदल त्याने नोंदवले, पण एवढ्या पावसात मूळ धरणही वरून वाहून फुटलेच असते, असा निष्कर्ष काढला. शतकभर हेच उद्धृत होत राहिले. २०१६ मध्ये नील कोलमन, उल्डिस काक्टिन्स आणि स्टेफनी वॉइनो या संशोधकांनी जागेची नव्याने मोजणी आणि जलगणिते करून ते खोडून काढले. त्यांच्या मते माथा तासल्यामुळे पाणी सुरक्षितपणे बाहेर पडण्याची क्षमता निम्म्याहून कमी झाली होती आणि दुसऱ्या टोकाचा पूरक सांडवाही निकामी झाला होता. मूळ उंचीचे, नळ शाबूत असलेले धरण त्या दिवशी टिकण्याची शक्यता होती. म्हणजे घोडागाड्यांसाठी काढलेली ती ०.९ मीटर माती हीच निर्णायक होती.

असे धरण हे एकोणिसाव्या शतकाचे वेड होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण नोंदवहीत ‘करमणूक’ हाच मुख्य उद्देश असलेली धरणे सर्वाधिक आहेत, आणि त्यांतली बरीचशी खासगी मालकीची, मातीची आहेत. जॉर्जिया राज्यातील केली बार्न्स हे धरण वीजनिर्मितीसाठी बांधले होते. १९५७ मध्ये वीज बंद झाली आणि तलाव करमणुकीसाठी राहिला. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, अतिवृष्टीनंतर, ते फुटले आणि खालच्या महाविद्यालयाच्या आवारातली ३९ माणसे मेली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यानंतर धोकादायक गटातील, संघीय सरकारच्या मालकीची नसलेल्या धरणांची तपासणी करण्याचा आदेश दिला. इथेही मूळ काम संपले होते, भिंत आणि पाणी मात्र उरले होते, आणि देखभालीचा खर्च भागवील असे उत्पन्न त्या पाण्यातून येत नव्हते.

साउथ फोर्कचे धरण पुन्हा बांधले गेले नाही. १९६४ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे. भिंतीची दोन्ही टोके शाबूत आहेत आणि त्यांवर उभे राहून मधली रिकामी जागा पाहता येते. तलावाच्या तळात आता गवत आणि झाडे आहेत, आणि जिथे शिडाच्या होड्या फिरत त्या जागेतून रेल्वेचे रूळ जातात. क्लबहाउस आणि काही बंगले सेंट मायकल गावात अजून उभे आहेत, पाण्यापासून दूर.